पत्ते लावण्याची विद्या

आमच्या घरी दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरची एक पत्र्याची पेटी दरवर्षी खाली उतरते आणि दरवर्षी जशीच्या तशी वर जाते. तिच्यात मोलाचे असे काही नाही. माझ्या मामांनी जमवलेली शंभरएक पंच कार्डे आहेत. पिवळसर, लांबट, एक कोपरा कापलेली आणि अंगभर बारीक चौकोनी भोके पडलेली. मामा मुंबईच्या एका कचेरीत यंत्रविभागात होते. कामातून बाद झालेली कार्डे ते घरी आणीत आणि मामी त्यांच्या कोऱ्या पाठीवर वाण्याची यादी लिहीत. एका कार्डावर आजही ‘रवा २ किलो, साखर दीड किलो, वेलदोडे’ एवढे स्पष्ट वाचता येते. पाठीवर आमच्या करंज्या आणि पोटावर कोणा अनोळखी माणसाचा पगार!

यंदा पेटी उघडली तेव्हा नात शेजारी बसली होती. तिने एक कार्ड उजेडाकडे धरले आणि विचारले, “आजी, ही भोकं कशाला?”

मी म्हणाले, “पत्ते लावायला.”

तिला ते पटले नाही. पण तीस-पस्तीस वर्षे ज्या धंद्यात मी पोट भरले, त्या धंद्याचा अर्धा इतिहास या दोन शब्दांत बसतो, अशी माझी समजूत आहे. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

पत्ते लावणे म्हणजे काय हे कोणाला सांगावयास नको. दिवाळीच्या रात्री रमीचा डाव मांडला की हातात आलेली तेरा पाने आपण रंगवार आणि क्रमवार लावून घेतो. लग्नाच्या पत्रिका वाटावयाच्या तर गावांप्रमाणे गठ्ठे करतो. हे करताना आपण काही विद्या चालवीत आहो असे कोणाच्या मनातही येत नाही. पण पाने तेरा न राहता तेरा लाख झाली म्हणजे हाच पोरखेळ मोठमोठ्या गणितज्ञांच्या कपाळाला आठ्या घालतो. १९६० ते १९७० या दशकात संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनी एक अंदाज केला होता. त्यांच्या गिऱ्हाइकांकडील यंत्रांचा चौथा हिस्सा वेळ, किंबहुना थोडा अधिकच, निव्वळ याद्या क्रमाने लावण्यात जात होता. डोनाल्ड क्नुथ या पंडितांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाचा तिसरा खंड सबंध याच विषयाला वाहिला आहे: लावणे आणि शोधणे.

या कथेचा आरंभ अमेरिकेत होतो. तेथे दर दहा वर्षांनी शिरगणती होते. १८८० सालच्या शिरगणतीचे आकडे जुळवता जुळवता कारकुनांना सात-आठ वर्षे लागली. लोकसंख्या तर वाढतच होती. तेव्हा पुढची गणती संपण्याआधी तिच्यापुढची दारात येऊन उभी राहणार, असा पेच पडला. हर्मन होलेरिथ या तरुण अभियंत्याने त्यावर युक्ती काढली. प्रत्येक माणसामागे एक कार्ड करावयाचे आणि त्याचे वय, जन्मस्थान, धंदा इत्यादी गोष्टी भोकांच्या जागेवरून दाखवावयाच्या. कार्ड यंत्रात दाबले की जेथे भोक असेल तेथून तारेची सुई पार जाई, वीज वाहे आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. शेजारीच खणांची एक पेटी असे. ज्या खणात ते कार्ड जावयाचे त्याचे झाकण आपोआप उघडे आणि कारकून कार्ड त्यात टाकून झाकण लावून घेई. १८९० साली सव्वासहा कोटींहून अधिक माणसांची मोजदाद या पद्धतीने झाली. होलेरिथने १८९६ साली स्वतःची कंपनी काढली. ती १९११ साली दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांत मिळाली, आणि १९२४ साली त्या सर्वांचे मिळून जे नाव पडले ते आयबीएम.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्राने पहिल्या दिवसापासून दोन कामे केली: मोजणे आणि वेगळे करणे. मोजण्याचे कौतुक फार झाले. वेगळे करण्याचे कोणी केले नाही.

आमच्या मामांचे यंत्र हे या खणांच्या पेटीचे नातवंड. कार्डावर ऐंशी उभे स्तंभ आणि प्रत्येक स्तंभात बारा जागा. यंत्राला तेरा कप्पे: बारा जागांचे बारा आणि तेरावा नाकारलेल्या कार्डांचा. एका वेळी एकच स्तंभ वाचावयाचा आणि कार्ड त्या त्या कप्प्यात उडवावयाचे. त्या जातीतले आयबीएमचे ०८२ नावाचे यंत्र मिनिटाला साडेसहाशे कार्डे वाटीत असे. मामा म्हणत, “पत्ते वाटायला असा गडी मिळाला असता तर आम्ही डावात कधी हरलो नसतो.”

पण खरी मौज पुढेच आहे. पाच आकडी क्रमांकाप्रमाणे कार्डे लावावयाची असली तर आपण कोठून सुरुवात करू? साहजिकच सर्वांत मोठ्या, म्हणजे दशसहस्राच्या आकड्यापासून. मामांचे यंत्र उलटे जाई. आधी एकं, मग दहं, मग शतं. लहानपणी मला हे काही केल्या उमगेना. तेव्हा मामांनी याद्यांच्या तीन कार्डांवर पेन्सिलीने तीन आकडे लिहिले: २१, १२ आणि ११. “आधी फक्त एकं बघ,” ते म्हणाले. एकच्या कप्प्यात २१ आणि ११ पडले, दोनच्या कप्प्यात १२. कप्पे ओळीने उचलले, तर २१, ११, १२ असा क्रम झाला. “आता फक्त दहं बघ.” एकच्या कप्प्यात ११ आणि त्यामागे १२, दोनच्या कप्प्यात २१. कप्पे उचलले, ११, १२, २१. पाने लागली! यातले मर्म एवढेच की दुसऱ्या फेरीत एकाच कप्प्यात पडणाऱ्या कार्डांनी पहिल्या फेरीतला आपला मागचा-पुढचा क्रम सोडावयाचा नाही. दहा हजार कार्डे आणि पाच आकडे म्हणजे पाच फेऱ्या. साडेसहाशेच्या वेगाने नुसत्या यंत्राचाच सव्वा तास. गठ्ठे उचलून पुन्हा मांडणाऱ्या माणसाच्या पाठीचा हिशेब त्यात धरलेला नाही.

पुढे विजेवर विचार करणारी यंत्रे आली. ती तोफगोळ्यांचे मार्ग आणि अशीच अवजड गणिते करण्यासाठी जन्मली होती. पण जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९४५ साली, अजून बांधलेही नव्हते अशा एडव्हॅक यंत्रासाठी, तेवीस पानांचे एक टिपण शाईने लिहून काढले. त्यात तोफगोळा नव्हता. याद्या क्रमाने लावण्याची रीत होती. गणितासाठी योजलेल्या यंत्राला कारकुनाचे कामही जमते का, हे त्यांना पडताळून पाहावयाचे होते.

त्यांची रीत कोणत्याही गृहिणीला समजेल अशी आहे. पत्रिकांचे दोन गठ्ठे आहेत आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी अकारविल्हे लावलेले आहेत. दोहोंच्या वरची पत्रिका पाहावी. जी आधी येते ती उचलून तिसऱ्या गठ्ठ्यात ठेवावी. असे करीत गेले की दोहोंचा मिळून एक लागलेला गठ्ठा होतो. आरंभी एकेका पत्रिकेचेच गठ्ठे धरावे, मग दोनदोनांचे, मग चारचारांचे, असे वाढवीत जावे. हजार नावे अशा रीतीने सुमारे दहा हजार तुलनांत लागतात. शेजारच्याशेजारी अदलाबदल करीत बसले तर पाच लाखांच्या जवळपास तुलना कराव्या लागतात.

ही रीत प्रत्यक्ष बाजारात आणली ती एका बाईंनी. त्यांचे नाव बेटी होल्बर्टन. जन्म १९१७ साली, फिलाडेल्फियात. विद्यापीठात गेल्या तेव्हा गणिताच्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारले की, घरी राहून मुलेबाळे सांभाळावयाची सोडून येथे कशाला आलात? त्यांनी गणित सोडून वृत्तपत्रविद्या घेतली. पुढे युद्धकाळात गणिते करणाऱ्या माणसांचा तुटवडा पडला, तेव्हा मात्र त्याच गावी एनिअ‍ॅक या अजस्र यंत्राची आखणी करणाऱ्या सहा स्त्रियांत त्यांची निवड झाली. १९५१ साली त्यांनी युनिव्हॅक यंत्रासाठी एक विलक्षण आज्ञावली लिहिली. तिला फक्त आपल्या नोंदी कशा आहेत आणि त्या कशाप्रमाणे लावावयाच्या एवढेच सांगावयाचे. लावण्याची आज्ञावली ती स्वतःच लिहून देई! यंत्राने यंत्रासाठी आज्ञा लिहाव्या हा विचार तेव्हा अगदी नवा होता. ग्रेस हॉपर या दुसऱ्या कर्तृत्ववान बाईंनी आपल्याला स्फूर्ती मिळाली ती याच कामातून, असे नमूद करून ठेवले आहे. आणि गंमत पाहा: हे लावण्याचे डावपेच बसवताना होल्बर्टनबाई टेबलावर खेळण्यातले पत्ते मांडून बसत, असे सांगतात.

आता कोबोलकडे वळू. १९५९ साल होते. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी. आज एक यंत्र घेतले आणि उद्या दुसरे, की सगळा कारभार नव्याने लिहावा लागे. म्हणून मे महिन्याच्या २८ आणि २९ तारखांना अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन या वास्तूत यंत्रे करणारे आणि वापरणारे असे चाळीसएक जण जमले. व्यापारउदिमासाठी सर्वांची मिळून एक भाषा करावयाचे ठरले, आणि तीही अशी की हिशेबनिसालाही वाचता यावी. हॉपरबाईंची फ्लोमॅटिक ही भाषा आधाराला होती. काम मात्र रेंगाळले. समितीच्या एका सभासदाला, हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांना, इतका वीट आला की त्यांनी एक थडगेवाला गाठला, पांढऱ्या संगमरवराच्या दगडावर ‘कोबोल’ ही अक्षरे कोरून घेतली आणि तो दगड समितीच्या प्रमुखांकडे पाठवून दिला. मूल जन्मायच्या आधीच त्याची समाधी तयार! पण मूल जन्मले. १९६० साली भाषेचा अहवाल छापून निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एकच आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली. तो थडग्याचा दगड आता कॅलिफोर्नियातील संगणकांच्या संग्रहालयात आहे आणि भाषा अजून बँकांतून आणि सरकारी खात्यांतून कामावर जाते.

या भाषेत माहितीची मांडणी एखाद्या घराण्याच्या वंशवेलीसारखी असते. ०१ या पायरीवर मूळ पुरुष, म्हणजे सबंध नोंद. त्याखाली ०५ वर नाव, पत्ता, पगार. नावाखाली १० वर आडनाव आणि स्वतःचे नाव. एकाच जातीच्या अनेक गोष्टी एकाखाली एक ठेवावयाच्या असल्या तर ‘ऑकर्स’ म्हणून किती घरे हवीत ते सांगितले की कोष्टक तयार होते. आज्ञावलीची कार्डे हातून पडून विस्कटली तर काय, याचीही तरतूद होती. प्रत्येक कार्डाचे पहिले सहा स्तंभ अनुक्रमांकासाठी राखलेले असत, म्हणजे पडलेली आज्ञावली मामांच्या यंत्राकडे नेऊन पुन्हा लावून घ्यावी.

१९६३ साली या भाषेत ‘सॉर्ट’ हे क्रियापद आले. फाइलीचे नाव सांगा, कोणत्या रकान्याप्रमाणे चढती भाजणी हवी ते सांगा, कोठून घ्यावयाचे आणि कोठे ठेवावयाचे ते सांगा; झाले! एवढ्याने केवढी सोय झाली ते आज कळणार नाही. त्या काळी हिशेब चुंबकीय फितींवर असत. फितीवर मधेच उडी मारता येत नाही. टोकापासून उलगडत जावे लागते. म्हणून खातेदारांची मुख्य फीत आणि दिवसभराच्या व्यवहारांची फीत, दोन्ही एकाच क्रमाने लावून शेजारी शेजारी चालवीत. क्रम चुकला की गोविंदाची जमा गोपाळाच्या खात्यावर. चौथा हिस्सा वेळ लावण्यात का जाई, ते आता ध्यानात येईल.

तरीही एक उणीव राहिली. हे ‘सॉर्ट’ फाइलींसाठी होते. यंत्राच्या स्मरणात मांडलेल्या कोष्टकांसाठी नव्हते. आणि त्या उणिवेशी माझी गाठ पडली ती ऐन दिवाळीत.

१९८६ सालची गोष्ट. मी एका कचेरीत नवशिकी होते. निवृत्तिवेतनाची मासिक आज्ञावली माझ्याकडे होती. तिच्यात चाळीस वाटपकेंद्रांचे एक कोष्टक होते, केंद्रांकाप्रमाणे चढत्या भाजणीने लावलेले. प्रत्येक पेन्शनराचा केंद्रांक घ्यावयाचा, तो कोष्टकात शोधावयाचा आणि त्या केंद्राकडे रक्कम पाठवावयाची. शोधण्यासाठी ‘सर्च ऑल’ ही आज्ञा होती. ती मोठी चलाख. ओळीने पाहत जात नाही. थेट मधले घर उघडते. हवा असलेला आकडा त्याहून लहान असला तर वरचा अर्धा भाग टाकून देते, मोठा असला तर खालचा. अशा रीतीने हजार घरे असली तरी दहा खेपांत निकाल लागतो. अट एकच: कोष्टक क्रमाने लागलेले असले पाहिजे. आणि ते तसे आहे की नाही, हे ती तपासून पाहत नाही. ती आपल्यावर विश्वास ठेवते.

दसऱ्याच्या सुमारास एक नवे केंद्र उघडले. त्याचा अंक ४१७. मी घाईत होते. त्याला मधे त्याच्या जागी घालावयाचे तर पुढची सगळी घरे सरकवावी लागली असती. म्हणून मी तो शेवटी, एकेचाळीसाव्या घरात लिहून टाकला. जुने चार-पाच अंक घेऊन आज्ञावली चालवून पाहिली, ठीक चालली. पण ४१७ चा शोध सुरू झाला की यंत्र मधले घर उघडी, तेथे ५३० सापडे, ‘आपला अंक याहून लहान’ असे पाहून पुढचा सगळा भाग सोडून देई आणि एकेचाळीसाव्या घराकडे पुन्हा ढुंकून पाहत नसे. सापडले नाही तर काय करावे, हेही मीच लिहिले होते: नाव एका निराळ्या यादीत छापावे आणि पुढे चालावे. यादी छापली गेली. तिच्यात त्रेसष्ट नावे होती. ती सुतळीने बांधून कपाटात गेली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एक म्हातारी बाई एस्टीने कचेरीत आली. नवरा वारल्यावर तिला पेन्शन मिळत असे. सगळीकडे विचारून ती अखेर माझ्या टेबलापाशी पोचली. हातात पेन्शनचे पुस्तक होते, पदराच्या टोकाशी परतीच्या भाड्याचे पैसे बांधलेले.

“बाई, माझं नाव मशिनीत नाही का हो?” तिने विचारले. “मला मेलेलं धरलं काय?”

मी कपाटातून ती यादी काढली. तिचे नाव त्यात होते. पुढे ‘केंद्र सापडले नाही’ असे माझ्याच शब्दांत लिहिलेले.

साहेबांनी यादी पाहिली आणि एकच विचारले, “ही कोणी वाचली होती?” कोणी बोलले नाही. त्या रात्री आम्ही चौघांनी बसून त्रेसष्ट आदेश हाताने लिहिले. बाईंची रक्कम साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी हातोहात दिली. बाकीच्यांपैकी काहींना भाऊबीजेच्या आत मिळाली. काहींना दिवाळी झाल्यावर. त्या काहींच्या घरी त्या वर्षी काय झाले असेल, ते मी कधी विचारावयास गेले नाही. धीर झाला नाही.

मग आज्ञावलीच्या आरंभीच कोष्टक लावून घेण्याची सोय मी स्वतः लिहिली. शेजारच्या दोघांची तुलना, चुकले असतील तर अदलाबदल. एकेचाळीस घरांना फार तर आठशे वीस तुलना. ही शाळकरी रीत हजारो घरांना परवडत नाही. टोनी होअर नावाच्या इंग्रज तरुणाला मॉस्कोच्या विद्यापीठात शिकत असताना हेच जाणवले होते. रशियन वाक्याचे भाषांतर यंत्राकडून करून घ्यावयाचे, तर शब्दकोश फितीवर अकारविल्हे होता; म्हणून वाक्यातले शब्दही आधी त्या क्रमाने लावावयाचे. त्याला पहिल्याने आमचीच शाळकरी रीत सुचली. पण ती फार सावकाश होईल असे वाटून त्याने दुसरी काढली. एक शब्द निवडावा, त्याच्या आधीचे एकीकडे, नंतरचे दुसरीकडे करावे, मग प्रत्येक बाजूला पुन्हा तेच. इंग्लंडात नोकरीला लागल्यावर ही रीत अधिक वेगवान आहे यावर त्याने वरिष्ठांशी सहा पेन्सची पैज मारली आणि जिंकली. १९६१ साली प्रसिद्ध झालेली ही ‘क्विकसॉर्ट’ आज जगभर चालते.

कोबोलच्या प्रमाणग्रंथात कोष्टके लावणारे ‘सॉर्ट’ आले ते २००२ साली. माझी ती आज्ञावली लिहून तेव्हा सोळा वर्षे झाली होती. आता एका ओळीत जे होते त्यासाठी आम्ही पाने भरली, याचे दुःख नाही. दुःख वेगळ्याच गोष्टीचे आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीत लाखो लोकांचे रोजगार गेले तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन केले. बेकारभत्त्यासाठी लोक खोळंबले होते. ती बातमी वाचताना मला ना होल्बर्टनबाई आठवल्या, ना होअर. परतीच्या भाड्याची गाठ बांधलेला पदर आठवला.

असो. इकडे नातीने तोवर सगळी कार्डे जमिनीवर मांडली होती. भोकांप्रमाणे नव्हे, तर मागच्या याद्यांप्रमाणे: रव्याची एकीकडे, तेल-तुपाची दुसरीकडे, आणि ज्यांवर काहीच लिहिलेले नाही ती तिसरीकडे.

“ही कुठं ठेवू, आजी?” तिने तो तिसरा गठ्ठा दाखवून विचारले.

मी म्हटले, “ती सगळ्यांत आधी बघू.”